घासलेला कार्बन, बिस्किटांचा डबा आणि बडोद्याची घरगुती दुरुस्ती

बडोद्यातल्या जुन्या मराठी घरात, दांडिया बाजार असो की रावपुरा, माळ्यावर बिस्किटांचा एक पत्र्याचा डबा असतोच असतो. त्यात ड्रिलसारख्या विजेच्या मशीनचे अर्धे झिजलेले कार्बन, स्प्रिंगा, मिक्सरमधून काढलेलं बेअरिंग, जळालेल्या मशीनचा स्विच, आणि चकची, म्हणजे ड्रिलचं बिट पकडणाऱ्या तोंडाची एक चावी, ती कुठल्या चकची ते आता कुणालाच आठवत नाही. लोक याला कंजूषपणा म्हणतात, मला अजिबात पटत नाही, कारण याची मुळं थोडी मशीनच्या पोटात आहेत आणि थोडी या गावात.

आधी मशीनचं बघू. हातात धरायची विजेवरची पहिली ड्रिल 1895 साली जर्मनीत, स्टुटगार्टच्या फाइन कंपनीने केली. पिस्तुलासारखी मूठ आणि बोटाखाली स्विच हा आजचा आकार अमेरिकेतल्या ब्लॅक अँड डेकरचा, त्याचं पेटंट 1917 चं. आत असते युनिव्हर्सल मोटर, एसी-डीसी दोन्हीवर चालणारी, आकाराने छोटी पण वेगाला जबरदस्त, आणि तिच्या आर्मेचरला, म्हणजे तारा गुंडाळलेल्या फिरत्या भागाला, करंट पोचवायला त्यावरच्या कम्युटेटर नावाच्या तांब्याच्या कड्यावर कोळशाचे दोन तुकडे स्प्रिंगने दाबून धरलेले असतात, तेच आपले कार्बन, म्हणजे मोटरचे ब्रश. धातूच्या ब्रशऐवजी कार्बन लावायची कल्पना जॉर्ज फोर्ब्स या स्कॉटिश इंजिनिअरने 1885 मध्ये मांडली. यातली खुबी ही की कार्बन झिजण्यासाठीच बसवलेला असतो, तांबं वाचावं म्हणून. त्यामुळे जुन्या मशीनला दोन्ही अंगांना आट्यांची टोपी असायची, बॉडी न उघडता पेचकसाने टोपी फिरवली की कार्बन बाहेर, म्हणजे हे काम घरी करा असं बनवणाऱ्यानेच सांगून ठेवलं होतं.

आता गावाचं. सयाजीराव महाराजांनी 1890 मध्ये इथे कलाभवन काढलं, प्रोफेसर त्रिभुवनदास गज्जर त्याचे मुख्य, आणि रंगकाम, यंत्रकाम असले विषय तिथे हाताने शिकवले जायचे. 1949 मध्ये विद्यापीठ झालं तेव्हा कलाभवन त्यात गेलं, आज ती टेक्नॉलॉजी फॅकल्टी. त्यात प्रतापनगरचं रेल्वे वर्कशॉप आणि पुढे मकरपुऱ्याची जीआयडीसी, म्हणजे सरकारी औद्योगिक वसाहत, त्यामुळे लेथवर काम केलेला एखादा माणूस गल्लीत सापडायचाच.

आमच्या घरी ते काका होते, प्रतापनगरला फिटर. त्यांच्याकडे मुंबईची रॅलिवुल्फ ड्रिल होती, आणि 1991 च्या आधी बाहेरच्या मालावर लायसन्स नि ड्युटीचा एवढा बोजा होता की कुणी परदेशातून मशीन आणलीच तरी तिचा स्पेअर मिळणं म्हणजे नशीब. मग अशा मशीनचा कार्बन संपला की काका टॉर्चचा मोठा सेल फोडायचे, मधली कार्बनची कांडी काढायची, पॉलिश पेपरवर घासून घासून चौकोनी करायची, जुन्या कार्बनची तांब्याची शेपटी तिला बसवायची आणि मशीन सुरू. हा कार्बन लवकर झिजतो, ठिणग्याही जास्त उडतात, ते त्यांना माहीत होतं, म्हणून खरा कार्बन मिळाला की हा लगेच काढून टाकायचे. खंडेनवमीला मशीन पुसून झेंडूचं फूल वाहायचं आणि त्याआधी दोन्ही टोप्या उघडून कार्बन किती उरलाय ते बघायचं, हे दरवर्षी ठरलेलं. कार्बन संपेपर्यंत चालवली तर स्प्रिंग थेट तांब्यावर घासते, चरे पडतात आणि आर्मेचरच जातं, मग मोटरच्या तारा पुन्हा गुंडाळणाऱ्या रिवाइंडिंगवाल्याकडेही फार काही उरत नाही.

बाकीचे उपाय पटकन सांगतो. बॉडीला चीर गेली तर चिरेत खाण्याचा सोडा भरून वर फेविक्विकचा थेंब, सोड्यामुळे ते क्षणात दगडासारखं होतं. आवाज करणारं बेअरिंग बऱ्याचदा 608 नंबरचं निघतं, आतून 8, बाहेरून 22 आणि जाडी 7 मिलिमीटर, हाच नंबर स्केटिंगच्या चाकातही असतो म्हणून कुठेही मिळतो.

पण काही जुगाड मला बघवत नाहीत. जुन्या धातूच्या बॉडीच्या मशीनची तिसरी, अर्थिंगची पिन काढून टाकणं हा एक, आत वायर उघडी पडली तर करंट सरळ हाताला. आणि सगळ्यात वाईट म्हणजे चार इंची ग्राइंडरचा गार्ड काढून त्यावर सात इंची चकती लावणं. ग्राइंडर मिनिटाला 11,000 च्या आसपास फेरे घेतो आणि सात इंची चकतीवर साधारण 8,500 ची मर्यादा छापलेली असते. चकती मोठी तितकी तिची कड जास्त वेगाने पळते, ती फुटली तर तुकडे अडवायला गार्डच नाही. काका गार्ड नसलेली मशीन हातात घ्यायचे नाहीत, शेजाऱ्याची असली तरी परत पाठवायचे.

आता कॉर्डलेस आल्यात आणि दुरुस्ती मोटरवरून बॅटरीवर गेलीय. जुन्या 12 व्होल्टच्या निकॅड (निकेल-कॅडमियम) पॅकमध्ये 1.2 व्होल्टचे दहा सेल असतात, त्यातले दोन-तीन मेले तरी अख्खा पॅक बसतो, म्हणून लोक मल्टिमीटरने मेलेले सेल शोधतात आणि दोन बंद पॅकमधून एक चालू करतात, हे मीही केलंय आणि चांगलं चालतं. पुढची उडी म्हणजे निकॅड काढून 18650 नंबरचे लिथियम सेल भरणं. लिथियमचा एक सेल 4.2 व्होल्टच्या वर जायला नको, आणि जुन्या निकॅड चार्जरला हे कळतच नाही, तो भरतच राहतो आणि पॅक पेटू शकतो. म्हणून बीएमएस बोर्ड, म्हणजे सेल भरले की चार्जिंग थांबवणारी छोटी पट्टी, आणि लिथियमचाच चार्जर घ्या, आणि जुना चार्जर कधीतरी उपयोगी पडेल म्हणून त्या पत्र्याच्या डब्यात ठेवू नका, घरातलं कोणीतरी तोच लावेल, वायर कापून भंगारात द्या.