क्लस्टरवरचे एसएसआयएस: नेमके काय जिवंत ठेवायचे?

एसक्यूएल सर्व्हर हा डेटाबेस फेलओव्हर क्लस्टरवर, म्हणजे एक पडले की दुसरे काम उचलते अशा जोडलेल्या मशीनवर (नोडवर), बसवला की सोबतच्या इंटिग्रेशन सर्व्हिसेसनाही (एसएसआयएस, डेटा एका ठिकाणाहून दुसरीकडे नेणारे साधन) तेच संरक्षण मिळते, असे बरेच जण धरून चालतात. प्रत्यक्षात डेटाबेस इंजिन आणि एजंट (ठरल्या वेळी जॉब चालवणारी सेवा) क्लस्टरला ओळखतात. एसएसआयएसची सेवा ओळखत नाही. असे का, हे कळायला थोडे मागे जावे लागते.

मायक्रोसॉफ्टची क्लस्टर सेवा १९९७ मध्ये विंडोज एनटी ४.० च्या एंटरप्राइज आवृत्तीसोबत आली. दोन नोड आणि एक सामायिक डिस्क अशी ती रचना होती. एक नोड पडला की दुसरा डिस्क, आयपी पत्ता आणि नेटवर्क नाव ताब्यात घेई. पुढच्याच वर्षी एसक्यूएल सर्व्हर ७.० सोबत डीटीएस, म्हणजे एसएसआयएसचा पूर्वज, आले. डीटीएसला स्वतःची विंडोज सेवा नव्हती. जो प्रोग्राम पॅकेज (डेटा हलवण्याच्या पायऱ्यांचा संच) उघडेल त्याच्याच प्रोसेसमध्ये ते चाले, त्यामुळे क्लस्टर करण्यासारखे वेगळे काही नव्हतेच. पॅकेज एमएसडीबी या सर्व्हरच्याच डेटाबेसमध्ये, एमएसडीबी सामायिक डिस्कवर, आणि वेळेवर चालवायला एजंट. (डिझायनरमधून चालवलेले पॅकेज सर्व्हरवर न चालता आपल्याच मशीनवर चालते, हा गोंधळ मात्र तेव्हापासूनचा.)

२००५ च्या आवृत्तीत डीटीएसची जागा एसएसआयएसने घेतली आणि एक नवी विंडोज सेवा दिसू लागली. सारा घोळ इथून सुरू झाला. नावामुळे वाटते की ही सेवाच पॅकेज चालवते. तिचे काम मर्यादित आहे: साठवलेली पॅकेजे दाखवणे, आयात-निर्यात करणे, चालू असलेल्या पॅकेजांवर नजर ठेवणे. पॅकेज चालवतो तो डीटीएक्झेक हा प्रोग्राम किंवा एजंट. सेवा बंद असली तरी रात्रीचा जॉब बिनबोभाट पूर्ण होतो. शिवाय एका मशीनवर कितीही इन्स्टन्स (एसक्यूएल सर्व्हरच्या स्वतंत्र प्रती) असले तरी एका आवृत्तीची सेवा एकच असते. म्हणूनच मायक्रोसॉफ्टच्या दस्तऐवजांनीही तिला क्लस्टर करू नये असेच सांगितले, आणि तरीही करायचेच असेल तर हाताने करायची पद्धत दिली.

ती पद्धत अशी. प्रत्येक नोडवर एसएसआयएस वेगळे बसवायचे; एसक्यूएल क्लस्टरचा सेटअप ते दुसऱ्या नोडवर आपोआप नेत नाही. सेवेचा स्टार्टअप मॅन्युअल ठेवायचा, कारण चालू-बंद आता क्लस्टरच्या हातात. सेवेची कॉन्फिगरेशन फाइल सामायिक डिस्कवर हलवायची आणि प्रत्येक नोडच्या रजिस्ट्रीत नवा मार्ग लिहायचा. त्या फाइलमध्ये सर्व्हरच्या नावाच्या जागी नुसता टिंब असतो, म्हणजे स्थानिक मशीनचा डीफॉल्ट इन्स्टन्स. क्लस्टरमधला इन्स्टन्स आभासी नावावर (नोड बदलला तरी न बदलणाऱ्या नेटवर्क नावावर) ऐकतो, म्हणून टिंब काढून ते नाव घालायचे. क्लस्टर न करता नुसते दोन्ही नोडवर बसवणाऱ्यांनीही एवढा बदल करायलाच हवा. शेवटी सेवा ‘जेनेरिक सर्व्हिस’ म्हणून क्लस्टरमध्ये जोडायची.

फसगत होते ती गटाच्या, म्हणजे एकत्र दुसऱ्या नोडवर जाणाऱ्या रिसोर्सांच्या संचाच्या, निवडीत. विंडोज २००३ मध्ये नव्या रिसोर्सवर ‘गटावर परिणाम’ हा पर्याय मुळातच चालू असे आणि ९०० सेकंदांत ३ वेळा अपयश ही मर्यादा असे. एसएसआयएस एसक्यूएलच्याच गटात टाकले आणि हा पर्याय तसाच राहिला, तर पॅकेजांची यादी दाखवणारी एक किरकोळ सेवा अख्खा डेटाबेस दुसऱ्या नोडवर ढकलू शकते. वेगळा गट केला तर त्याला स्वतःची डिस्क आणि नाव लागते. इतके करून मिळते काय, तर यादी. बहुतेक ठिकाणी हा खटाटोप न केलेलाच बरा.

खरा प्रश्न चालू पॅकेजचा. फेलओव्हरमध्ये ते मरते आणि दुसऱ्या नोडवर आपोआप पुन्हा उठत नाही. चेकपॉइंट (कुठवर काम झाले याची नोंद) चालू करून त्याची फाइल सामायिक डिस्कवर ठेवली आणि टास्कवर ‘अपयश आल्यास पॅकेज अपयशी’ हा गुणधर्म लावला, तर पुन्हा चालवल्यावर पूर्ण झालेले टास्क वगळले जातात. पण चेकपॉइंट कंट्रोल फ्लोपुरता, म्हणजे टास्कच्या क्रमापुरता आहे. डेटा फ्लो (ओळी प्रत्यक्ष हलवणारा टास्क) अर्ध्यावर तुटला तर तो पहिल्या ओळीपासून सुरू होतो. एकेका फाइल वा नोंदीसाठी तेच काम फिरवणारा फोरईच लूपही तसाच. लक्ष्य टेबलात अर्धवट पडलेल्या ओळी आधी काढण्याची सोय पॅकेजमध्येच हवी.

दुसऱ्या नोडवर पॅकेज न चालण्याची कारणे बहुधा साधी निघतात: ओरॅकल क्लायंट किंवा ओडीबीसी डीएसएन (जोडणीची साठवलेली माहिती) एकाच नोडवर, फाइलचा मार्ग ‘सी’ ड्राइव्हवर, किंवा पासवर्ड वापरकर्त्याच्या प्रोफाइलशी बांधलेला. हे शेवटचे संरक्षण डीफॉल्टच आहे, म्हणून जास्त चावते.

२०१२ मध्ये एसएसआयएसडीबी हा कॅटलॉग आला आणि पॅकेजे, पॅरामीटर, एन्व्हायर्नमेंट, लॉग सगळे एका डेटाबेसात गेले. त्याच आवृत्तीत ऑलवेज ऑन उपलब्धता गटही (डेटाबेसच्या प्रतिकृती अनेक इन्स्टन्सवर ठेवणारी सोय) आले, तेव्हा दोन्हींची सांगड घालणे ओघानेच आले. पण कॅटलॉगमधली गुपिते डेटाबेसच्या मास्टर कीने बंद असतात आणि ती की त्या त्या इन्स्टन्सच्या सर्व्हिस मास्टर कीने उघडते. दुसऱ्या प्रतिकृतीची सर्व्हिस मास्टर की वेगळी, म्हणून फेलओव्हरनंतर पासवर्डने की उघडून तिथल्या कीशी जोडावी लागे. तो पासवर्ड कॅटलॉग तयार करतानाच नीट जपला नसेल, तर अडचण ऐन वेळी कळते. दुसरे असे की, अर्धवट राहिलेल्या पॅकेजांची स्थिती दुरुस्त करणारी प्रोसिजर इन्स्टन्स सुरू होतानाच चालते. उपलब्धता गटात दुसरा इन्स्टन्स आधीपासूनच चालू असतो, त्यामुळे मेलेली पॅकेजे यादीत ‘चालू’ दिसत राहत.

२०१६ मध्ये ही दोन्ही कामे एसक्यूएल सर्व्हरमध्येच आली. कॅटलॉगच्या फांदीवर राइट-क्लिक करून ऑलवेज ऑनचा आधार चालू केला की फेलओव्हरवर नजर ठेवणारा एक जॉब तयार होतो. त्याआधी प्रत्येक प्रतिकृतीवर एसएसआयएस बसवलेले हवे, आणि जोडणी नोडच्या नावाने न करता लिसनरच्या, म्हणजे गटाच्या सामायिक, नावाने करावी. पॅचची अडचण मात्र शिल्लक राहिली. अपग्रेड एकल-वापरकर्ता स्थितीत चालते, तर गटातला डेटाबेस बहु-वापरकर्ता असावाच लागतो. म्हणून आधी एसएसआयएसडीबी गटातून काढायचा, प्रत्येक नोड पॅच करायचा, मग तो परत जोडायचा.

२०१७ च्या स्केल आउटने पॅकेज अनेक वर्कर मशीनवर चालवता येऊ लागले आणि अपयशी ठरल्यास किती वेळा पुन्हा प्रयत्न करायचा तेही ठरवता येऊ लागले. मास्टर सेवा मात्र एकच असल्याने तिची उपलब्धता हवी असेल तर ती पुन्हा विंडोज क्लस्टरमध्ये जेनेरिक सर्व्हिस म्हणूनच जोडावी लागते. इथे फरक इतकाच, की ही सेवा वर्करना काम वाटते, त्यामुळे ती क्लस्टर करण्याला अर्थ आहे.