आयरिश नृत्याचे जोडे : माप आणि निवड

आयर्लंडच्या पारंपरिक नृत्यात मऊ आणि टणक असे दोन प्रकारचे जोडे वापरले जातात. त्यांचे माप ठरवणे, ते पायात घालून पारखणे आणि वापराने पायाच्या वळणावर आणणे यासाठी नर्तकांमध्ये रूढ झालेली जी रीत आहे, तिचा विचार या नोंदीत केला आहे. या नृत्याच्या स्पर्धात्मक शैलीत धड ताठ आणि हात अंगालगत स्थिर ठेवले जातात, त्यामुळे पाहणाऱ्याची व परीक्षकाची नजर गुडघ्याखालीच खिळून राहते. चवड्यावर किती उंच उभे राहता येते, पाऊल किती ताणले जाते, दोन्ही पाय बाहेर वळून एकमेकांवर कितपत येतात, हे सारे जोड्यातूनच दिसते. जोडा सैल असेल, तर चांगले पाऊलही आळशी भासते.

अठराव्या शतकात गावोगाव फिरणारे नृत्यशिक्षक आयर्लंडच्या खेड्यांत शिकवत असत. घरातली जमीन मातीची असल्याने कधी दार बिजागऱ्यांवरून उतरवून आडवे टाकायचे आणि त्यावर नाचायचे. त्या काळी नाचासाठी वेगळा जोडा नव्हता; पायात असेल ते घालून, किंवा अनवाणी, नाच होई. १८९३ मध्ये आयरिश भाषा व संस्कृती जपण्यासाठी गेलिक लीग या संघटनेची स्थापना झाली. तिच्या चळवळीतून नृत्यस्पर्धांना शिस्त आली आणि १९३० च्या सुमारास नियमन करणारा आयोगही उभा राहिला. मुलींच्या पायात मऊ जोडा आला तो १९२० च्या दशकात. त्याला ‘गिली’ म्हणतात. स्कॉटलंडच्या गेलिक भाषेत पोरगा किंवा चाकर अशा अर्थाचा जो शब्द आहे, त्यावरून हे नाव पडले. म्हणजे आयरिश नृत्याची ओळख ठरलेल्या या जोड्याचे नाव शेजाऱ्यांकडून आलेले आहे. टणक जोड्याच्या टाचेला व टोकाला पूर्वी कातड्याचे थर आणि खिळे असत. १९८० च्या दशकात त्यांची जागा फायबरग्लासने घेतली आणि आवाज कितीतरी मोठा व स्वच्छ झाला.

मऊ जोडा रील, स्लिप जिग यांसारख्या हलक्या, उड्यांच्या नाचांसाठी, तर टणक जोडा ट्रेबल जिग, हॉर्नपाइप यांसारख्या ठेक्याच्या नाचांसाठी असतो. मुलगे गिली घालत नाहीत. त्यांचा रील-जोडा बंद, नाडीचा आणि टाचेचा असून दोन टाचा हवेत एकमेकींवर आपटून ‘क्लिक’ काढता येते. कथ्थक किंवा लावणीत ठेका घुंगरांतून उमटतो आणि पाऊल अनवाणीच राहते. इथे ठेका जोड्याच्या अंगातच बसवलेला असल्यामुळे जोडा हे एकाच वेळी वस्त्रही असते आणि वाद्यही. एकाच नर्तकीला दोन जोड्यांचे दोन वेगळे नंबर का लागतात, याचे उत्तर इथेच आहे. मऊ जोड्याला पायाची कातडी व्हायचे असते, टणक जोड्याला पायाखालचे वाद्य.

गिलीचे कातडे पातळ आणि लवचीक असते. पावलाच्या दोन्ही कडांना कातड्याच्या किंवा कापडाच्या कड्या असतात. त्यांतून नाडी तिरकी ओवत वर आणतात, पावलाच्या कमानीखालून एक-दोन वेढे देतात आणि मग गाठ मारतात. पारखण्याची सुरुवात मोज्यापासून होते. मुली स्पर्धेत घालतात ते पांढरे, बुडबुड्यांच्या विणीचे ‘पूडल सॉक्स’ साध्या मोज्यांपेक्षा जाड असतात (ते पोटरीवरून घसरू नयेत म्हणून खास डिंकही लावला जातो), तेव्हा साध्या मोज्यावर जमलेले माप स्पर्धेच्या दिवशी चुकते. मोजा घालून पाय आत सरकवला, की बोटांची टोके जोड्याच्या टोकाला टेकलेली हवीत, पण दुमडलेली नकोत. नाडी आवळल्यावर समोरासमोरच्या कड्यांमध्ये थोडे अंतर उरले पाहिजे. त्या आत्ताच एकमेकींना भिडत असतील, तर जोडा पायाला रुंद आहे आणि पुढे आवळायला जागाच राहणार नाही. मग मुलीला चवड्यावर उभे करून मागे टाचेवरचे कातडे अंगठा व तर्जनीच्या चिमटीत धरून पाहायचे. चिमटीत घडी आली, तर नंबर मोठा. शेवटी पाऊल ताणायला सांगायचे. कातडे कमानीलगत बसले तर ठीक. तळाशी झोळ पडला, तर तोच झोळ परीक्षकाला पाऊल न ताणल्यासारखा दिसतो. सलग तळाऐवजी मध्ये तुटक तळ असलेल्या गिलीत हा झोळ कमी पडतो, म्हणून उंच कमानीच्या पायांसाठी तशी गिली पसंत केली जाते.

नवी गिली घट्टच घ्यावी, इतकी की पहिल्यांदा पायात चढवताना जराशी खटपट व्हावी. वापरू लागल्यावर काही आठवड्यांत कातडे ताणते, आणि हा ताण लांबीपेक्षा रुंदीत अधिक जाणवतो. नव्या कोल्हापुरीशी झगडलेल्या कोणालाही हे वेगळे सांगायला नको. मात्र घट्ट असणे आणि चावणे या निराळ्या गोष्टी आहेत. सगळ्या पावलावर सारखा जाणवणारा दाब कातडे ताणल्यावर जातो. अंगठ्याच्या नखावर किंवा करंगळीच्या सांध्यावर एकाच जागी टोचणारा दाब सहसा जात नाही.

बहुतेक आयरिश व ब्रिटिश कारागीर ब्रिटिश नंबर वापरतात. त्यात एक पूर्ण नंबर म्हणजे इंचाचा एक तृतीयांश, सुमारे ८.५ मिलिमीटर, आणि अर्धा नंबर जेमतेम ४ मिलिमीटरच्या वर. युरोपीय मोजणीत एक नंबर दोन तृतीयांश सेंटिमीटरचा असतो, त्यामुळे एका कोष्टकातून दुसऱ्यात जाताना आकडा नेमका बसत नाही. ब्रिटिश मोजणीत मुलांचे नंबर १३ पर्यंत जाऊन पुढे मोठ्यांचे पुन्हा १ पासून सुरू होतात. सात-आठ वर्षांच्या मुलीच्या बाबतीत नेमका हाच सांधा येतो आणि गोंधळ होतो. भारतात पादत्राणांच्या खोक्यावर बहुधा हाच ब्रिटिश नंबर छापलेला असतो, पण म्हणून तो आकडा तसाच कळवून चालत नाही. गिली सामान्यतः रोजच्या जोड्यापेक्षा अर्ध्या ते दीड नंबराने लहान लागते, आणि ही तफावतही प्रत्येक कारागिराच्या साच्यानुसार बदलते.

३० एप्रिल १९९४ रोजी डब्लिनच्या पॉइंट थिएटरमध्ये युरोव्हिजन गीतस्पर्धेच्या मध्यंतरात ‘रिव्हरडान्स’ हे आयरिश नृत्य सादर झाले आणि आयर्लंडबाहेर या नृत्याचे वर्ग झपाट्याने वाढले. जोडेवाले दुकान जवळपास नाही अशा शहरांतल्या पालकांना तेव्हापासून जोडा न घालताच मागवावा लागतो. अशा वेळी नंबरावर विसंबण्यापेक्षा पाऊल कागदावर ठेवून, पूर्ण भार देऊन उभे राहून आखलेली रेघ अधिक खरी असते. बसून आखलेले पाऊल आखूड येते, आणि दिवसभराच्या वापराने पाय थोडा सुजतो म्हणून संध्याकाळचे माप घेणे चांगले. दोन्ही पाय आखावेत. ते क्वचितच अगदी सारखे असतात.

टणक जोड्याचे गणित निराळे आहे. तो फारसा ताणत नाही, म्हणून तो पहिल्याच दिवशी योग्य असावा लागतो. माप बहुधा रोजच्या नंबराइतके किंवा अर्ध्या नंबराने इकडेतिकडे असते. बोटे सपाट, एकमेकांवर न चढता पडली पाहिजेत. टाच मात्र उचलता कामा नये. टाच आत सरकली, तर ठोका उशिरा पडतो. पाय आधी हलतो आणि जोडा मागून येतो. ठेक्याच्या नाचात एवढा फरक कानाला लगेच कळतो. पुढच्या पायरीतले नर्तक या जोड्यात बोटांच्या थेट टोकांवर उभे राहतात, आणि बॅलेच्या जोड्यात असते तशी आधाराची कडक पेटी यात नसते. जोडा मोठा असला, तर पाऊल पुढे घसरून बोटे आत चुरगळतात; लहान असला, तर नख काळे पडते. घोट्यावरचा पट्टा आवळून सैल जोडा चालवून घेता येईल असे वाटते, पण पट्टा टाच धरून ठेवतो, बोटांना तो काही करू शकत नाही.

नवा टणक जोडा लाकडासारखा असतो. चवड्याच्या जागी हाताने वारंवार वाकवून आणि घरात थोडा थोडा वेळ घालून तो वळणावर आणावा लागतो. कातडे लवकर मऊ व्हावे म्हणून जोडा पाण्यात भिजवण्याची युक्ती जुनी आहे; तळ चिकटवलेला असल्याने ती जोड्याच्या जिवावर बेतू शकते, तेव्हा टाळलेलीच बरी. अलीकडे तळ मुळातच लवचीक ठेवलेले जोडे मिळतात आणि हा त्रास पुष्कळ कमी होतो. स्पर्धेच्या अगदी आधी नवा जोडा काढणे हा मात्र कुठल्याही तळाबाबत धोकाच.

चुकीच्या मापाचा परिणाम फोडांवर थांबत नाही. हजारो उड्या चवड्यावर झेलणाऱ्या या नृत्यात पायांच्या हाडांना सूक्ष्म तडे जाणे, टाचेमागची शीर दुखावणे, नडगी दुखणे हे प्रकार तसेही आढळतात, आणि वाढत्या वयात टाचेच्या हाडाची वाढीची पट्टी सुजून दुखते. गिलीला उशी जवळजवळ नसतेच. बसते माप या दुखापती टाळते असे म्हणता येणार नाही. सैल जोडा धरून ठेवण्यासाठी बोटे आवळत नाचण्याची सवय त्यात भर घालते, एवढे खरे.

‘वाढत्या अंगाचे’ घेण्याची सवय फक्त आपल्याकडचीच नाही. महागडा टणक जोडा दोन मोसम पुरावा म्हणून तिकडचे पालकही एक नंबर मोठा घेऊ पाहतात. शिक्षक जास्तीत जास्त अर्ध्या नंबराची सूट देतात आणि ती जाड आतल्या तळव्याने भरून काढायला सांगतात. गिलीत तीही नाही. या अडचणीवर वर्गावर्गांतून चालणारी जुन्या जोड्यांची देवघेव हाच रुळलेला तोडगा आहे. जुना टणक जोडा घेताना आतला तळवा उजेडात धरून पाहतात. आधीच्या नर्तकीच्या बोटांचे पाच खळगे त्यावर स्पष्ट उमटलेले असतात, आणि नव्या मुलीची बोटे त्या खळग्यांच्या पुढे किंवा मागे पडत असतील, तर तळवा बदलल्याशिवाय तो जोडा घेत नाहीत. जुनी गिली सहसा कोणी घेत नाही. ती एव्हाना दुसऱ्याच पायाची झालेली असते.