इंग्रजी क्रियापदांची पूरकरचना

इंग्रजी वाक्यात क्रियापदाचा अर्थ पुरा होण्यासाठी त्याच्या जोडीला कर्म, सर्वनाम, दुसऱ्या क्रियापदाचे इन्फिनिटिव्ह, ‘इंग’-रूप (‘गो’चे ‘गोइंग’ असे), शब्दयोगी अव्ययाने सुरू होणारा पदबंध किंवा संपूर्ण गौण वाक्य यांपैकी जे घटक यावे लागतात, त्यांच्या व्यवस्थेला पूरकरचना म्हणतात. सकर्मक, अकर्मक आणि द्विकर्मक ही परिचित विभागणी या व्यवस्थेचा फक्त पहिला थर दाखवते. ‘होप’, ‘वाँट’, ‘टेल’ आणि ‘सजेस्ट’ या चारही क्रियापदांनंतर पुढे घडावयाच्या कृतीचा उल्लेख येऊ शकतो, पण तो कोणत्या रूपात यावा हे प्रत्येक क्रियापद स्वतंत्रपणे ठरवते. म्हणून पूरकरचना व्याकरणाइतकीच शब्दकोशाचीही बाब आहे.

इन्फिनिटिव्ह म्हणजे क्रियापदाचे काळ व पुरुष न दाखवणारे मूळ रूप. ते बहुधा ‘टु’सह आणि काही ठिकाणी ‘टु’शिवाय येते. ‘आय वाँट टु गो’ आणि ‘आय वाँट हिम टु गो’ ही दोन्ही वाक्ये शुद्ध आहेत. ‘होप’चे मात्र ‘आय होप टु गो’ एवढेच चालते. जाणारा दुसरा कोणी असेल तर ‘आय होप ही गोज’ असे गौण वाक्य करावे लागते. ‘टेल’ची स्थिती नेमकी उलट आहे : ‘आय टोल्ड हिम टु गो’ यातील ‘हिम’ काढून टाकता येत नाही. ‘सजेस्ट’ला यांपैकी एकही इन्फिनिटिव्ह-रचना मानवत नाही; त्याला ‘इंग’-रूप किंवा गौण वाक्यच हवे. ‘लेट’ आणि ‘मेक’ यांच्यानंतर, तसेच ‘सी’, ‘हिअर’ अशा इंद्रियबोधाच्या क्रियापदांनंतर, ‘टु’ गळते : ‘शी मेड हिम वेट’. ‘लेट’ सोडल्यास वाक्य कर्मणी झाले की तेच ‘टु’ परत येते आणि ‘ही वॉज मेड टु वेट’ असे म्हणावे लागते. ‘हेल्प’नंतर दोन्ही रूपे चालतात, मात्र विसाव्या शतकात ‘टु’विरहित रूपाचा प्रसार, विशेषतः अमेरिकेत, वाढला.

इन्फिनिटिव्ह आणि ‘इंग’-रूप यांच्या निवडीमागे अर्थाचा धागा आहे, पण तो सलग नाही. ‘टु’ हे मुळात दिशा दाखवणारे अव्यय असल्यामुळे इच्छा, बेत, निर्णय आणि वचन यांची क्रियापदे त्याच्याकडे झुकतात. प्रत्यक्ष घडलेल्या किंवा चालू असलेल्या अनुभवाची क्रियापदे, उदाहरणार्थ ‘एन्जॉय’ व ‘फिनिश’, ‘इंग’-रूपाकडे वळतात. ‘रिमेंबर टु पोस्ट’ म्हणजे पत्र टाकण्याची आठवण ठेवणे आणि ‘रिमेंबर पोस्टिंग’ म्हणजे टाकल्याचे आठवणे, हा भेद याच धाग्यातून निघतो. परंतु ‘सजेस्ट’ आणि ‘अव्हॉइड’ यांचा रोख भविष्याकडे असूनही ती ‘इंग’-रूपच घेतात; तेव्हा अर्थावरून केलेला अंदाज कोशात पडताळून घेणे भाग पडते. ‘लुक फॉरवर्ड टु’ यातील ‘टु’ इन्फिनिटिव्हचे नसून शब्दयोगी अव्यय आहे, म्हणून त्यापुढे ‘सी’ न येता ‘सीइंग’ येते.

वरवर एकसारख्या दिसणाऱ्या वाक्यांची आतली घडण वेगळी असू शकते, हा या विषयातील सर्वांत फलदायी शोध होय. अमेरिकी भाषाशास्त्रज्ञ नोम चॉम्स्की यांनी 1965 साली ‘परस्वेड’ आणि ‘एक्स्पेक्ट’ यांची तुलना करून तो ठळकपणे मांडला. डॉक्टरांनी रुग्णाला तपासावे अशी अपेक्षा करणे आणि रुग्ण डॉक्टरांकडून तपासला जावा अशी अपेक्षा करणे यांचा आशय एकच असतो. पण डॉक्टरांचे मन वळवणे आणि रुग्णाचे मन वळवणे या दोन निराळ्या घटना आहेत. याचा अर्थ असा की ‘परस्वेड’नंतरचे नाम त्या क्रियापदाचे खरे कर्म असते, तर ‘एक्स्पेक्ट’नंतरचे नाम अर्थाच्या दृष्टीने इन्फिनिटिव्हचा कर्ता असते. ‘प्रॉमिस’ तिसरी तऱ्हा दाखवते. ‘शी परस्वेडेड हिम टु कम’ यात येणारा तो, पण ‘शी प्रॉमिस्ड हिम टु कम’ यात येणारी ती. इंग्रजी बोलणाऱ्या मुलांना ‘प्रॉमिस’ची ही रचना उशिरा उमगते, असे भाषाशास्त्रज्ञ कॅरल चॉम्स्की यांनी पाच ते दहा वर्षांच्या मुलांवरील 1969 च्या अभ्यासात दाखवले, अनेक मुले बराच काळ लगतच्या नामालाच कृतीचा कर्ता समजतात.

सर्वनामांचे नियम नामांपेक्षा कडक आहेत. ‘पिक अप द बुक’ आणि ‘पिक द बुक अप’ दोन्ही चालतात, पण सर्वनाम आले की ‘पिक इट अप’ हा एकच क्रम उरतो. ‘लुक आफ्टर’ मध्ये मात्र ‘आफ्टर’ हे खरे शब्दयोगी अव्यय असल्याने ‘लुक आफ्टर हिम’ असेच म्हणावे लागते. सर्वनाम घालून पाहणे ही या दोन वर्गांची खात्रीची कसोटी आहे. ‘गिव्ह मी द बुक’ आणि ‘गिव्ह द बुक टु मी’ या जोडीत पर्याय आहे. ‘एक्स्प्लेन’ आणि ‘डोनेट’ यांसारखी लॅटिन वळणाची बरीच क्रियापदे पहिली रचना नाकारतात, म्हणून ‘एक्स्प्लेन इट टु मी’ हेच शुद्ध. ‘आय फाइंड इट हार्ड टु बिलीव्ह’ यातील ‘इट’ कोणत्याही वस्तूचा निर्देश करत नाही. शेवटी येणाऱ्या लांब इन्फिनिटिव्हसाठी ते कर्माची जागा धरून ठेवते.

शब्दयोगी अव्ययाची निवडही क्रियापदाच्या हाती असते. दोषारोपाच्या जवळजवळच्या अर्थांची तीन क्रियापदे पाहावीत : ‘अक्यूज’ला ‘ऑफ’ लागते, ‘ब्लेम’ला ‘फॉर’ आणि ‘चार्ज’ला ‘विथ’. ‘आय वेटेड फॉर हिम टु कम’ या छोट्या वाक्यात तर अव्यय, सर्वनाम आणि इन्फिनिटिव्ह तिन्ही एकत्र गुंफलेली आहेत. तो येण्याची क्रिया ‘हिम’च्या नावावर असूनही ‘फॉर’मुळे सर्वनाम कर्मरूपात येते.

या व्यवस्थेला इतिहास आहे. प्राचीन इंग्रजीत ‘सिंगन’ (गाणे) असे प्रत्ययान्त इन्फिनिटिव्ह होते आणि हेतू दाखवताना त्याचे ‘टो सिंगेन्ने’ असे चतुर्थीसदृश रूप होई. प्रत्यय झिजत गेले तसे ‘टु’ हेच इन्फिनिटिव्हचे चिन्ह बनले. ‘लेट’ व ‘मेक’ यांच्यानंतरचे ‘टु’विरहित रूप हा जुन्या रचनेचा अवशेष आहे. सर्वनामांतही ‘हिने’ हे द्वितीयेचे रूप लोपून मूळ चतुर्थीचे ‘हिम’ दोन्ही कामे करू लागले. विभक्तीने सांगितले जाणारे नाते मग शब्दक्रम आणि अव्यये सांगू लागली.

मराठीत हीच जबाबदारी विभक्तिप्रत्यय आणि क्रियापदाची साधित रूपे पार पाडतात. ‘जाऊ दे’ म्हणता येते, ‘जाऊ सांग’ म्हणता येत नाही. ‘जायला सांग’ असेच म्हणावे लागते. ‘त्याला विचार’, ‘त्याच्याशी बोल’, ‘त्याच्यावर रागाव’ यांतील प्रत्ययही क्रियापदच ठरवते. मराठीभाषक हे लहानपणापासून जाणतो आणि नेमकी तीच जाण इंग्रजीत लावतो. त्यामुळे ‘एक्स्प्लेन मी’ किंवा ‘आय वाँट दॅट यू शुड कम’ अशी वाक्ये होतात. त्यांकडे निष्काळजीपणाच्या चुका म्हणून पाहणे अन्यायाचे आहे, कारण दुसऱ्या वाक्यात ‘तू यावेस’ या मराठी रचनेचा साचा स्पष्ट दिसतो.

क्रियापद आपल्याभोवती किती घटक धरते या गुणाला फ्रेंच भाषाशास्त्रज्ञ ल्युसियँ तेनिएर यांनी रसायनशास्त्रातील संयुजेची, म्हणजे अणूच्या इतर अणूंशी जोडले जाण्याच्या क्षमतेची, संज्ञा दिली. त्यांचा प्रमुख ग्रंथ मृत्यूनंतर, 1959 साली प्रसिद्ध झाला. अध्यापनाच्या बाजूने याआधीच मोठे काम जपानमध्ये झाले होते. टोकियोत हॅरल्ड पामर आणि त्यांच्यानंतर ए. एस. हॉर्नबी या इंग्रजीच्या अध्यापकांनी क्रियापदांचे रचनाबंध वर्गीकृत केले. हॉर्नबी व सहकाऱ्यांचा कोश तेथे 1942 साली निघाला आणि 1948 मध्ये ऑक्सफर्डने तो पुन्हा छापला. प्रत्येक क्रियापदाबरोबर त्याचा रचनाबंध नोंदवण्याची पद्धत विद्यार्थिकोशांत तेथून रुजली. अमेरिकी भाषाशास्त्रज्ञ बेथ लेव्हिन यांनी 1993 साली तीन हजारांहून अधिक क्रियापदांचे वर्ग लावून अर्थ आणि रचना यांचा संबंध किती दूरवर पोहोचतो हे तपासले.

रचनाबंध सर्व इंग्रजीभाषक प्रदेशांत एकसारखे नाहीत. अमेरिकेत ‘राइट मी’ आणि ‘प्रोटेस्ट द डिसिजन’ रूढ आहे, तर ब्रिटनमध्ये ‘राइट टु मी’ आणि ‘प्रोटेस्ट अगेन्स्ट’ म्हणण्याकडे कल आहे. उलट ‘प्रिव्हेंट हिम गोइंग’ ही ‘फ्रॉम’ गाळलेली रचना ब्रिटिश आहे. भारतीय इंग्रजीत सर्रास ऐकू येणारे ‘डिस्कस अबाउट’ प्रमाण लेखनात अजूनही दोष मानले जाते, जरी ‘टॉक अबाउट’च्या धर्तीवर ते घडले असल्याचे उघड आहे.