बऱ्याच वर्षांनी परत स्कीइंग: मेंदूला आठवतं, मांडीला नाही

मोठ्या गॅपनंतर परत स्की पायात चढवल्या की पहिल्या काही टर्नमध्येच वाटतं, अरे, येतंय की अजून! आणि ते खरंच असतं. अशी अंगवळणी पडलेली कौशल्यं मेंदू नावं-तारखांसारखी साठवत नाही, त्यांचं खातं वेगळं, तिथे लहान मेंदू आणि बेसल गँग्लिया काम करतात. हेन्री मोलेसन नावाच्या पेशंटचं 1953 मध्ये मेंदूचं ऑपरेशन झालं, हिप्पोकॅम्पसचा, म्हणजे नव्या आठवणी साठवायला लागणाऱ्या भागाचा, बराच भाग काढला गेला आणि त्यानंतर त्याला नवीन काही लक्षातच राहीना. मानसशास्त्रज्ञ ब्रेंडा मिलनर यांनी त्याला आरशात बघून चांदणी गिरवायला दिली तर 3 दिवसांत त्याचा हात मस्त बसला, पण आपण हे आधी केलंय हे त्याला एकदाही आठवलं नाही.

स्नायूंचं मात्र असं नसतं, व्यायाम सुटला की ताकद उतरते. आणि माझ्या मते खरा धोका इथेच आहे, टेक्निक पटकन परत येतं म्हणून माणूस जुन्याच स्पीडने सुटतो आणि पाय मात्र तेवढे तयार नसतात.

स्कीइंगमध्ये मांडीचा पुढचा स्नायू, म्हणजे क्वाड्स, बराच वेळ ताणला जाता जाताच जोर लावत असतो, त्याला एक्सेंट्रिक काम म्हणतात. जिना उतरताना होतं तेच, फक्त इथे टर्नमध्ये बाहेरच्या पायावर भार कितीतरी जास्त येतो. सवय नसेल तर अशा कामाने स्नायूत बारीक इजा होते आणि दुखणं लगेच नाही, 24 ते 72 तासांत सगळ्यात जास्त जाणवतं, म्हणजे नेमकं ट्रिपच्या दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी. चांगली गोष्ट अशी की असं काम आधी थोडं जरी केलं तरी पुढचे काही आठवडे स्नायू बराच सांभाळला जातो, त्यामुळे जायच्या आधी सावकाश खाली जाणारे स्क्वॉट आणि उतारावर चालणं सुरू कराच.

मांडी थकली की आपण नकळत मागे बसतो. मागे बसलं की गुडघ्यावरचा लोड अजून वाढतो, मांडी अजून थकते, आणि तोल गेला की पार्श्वभाग गुडघ्यांच्या खाली, वजन उताराकडच्या स्कीच्या मागच्या टोकाच्या आतल्या कडेवर, स्की आत वळते आणि सगळा पीळ वाकलेल्या गुडघ्यात, एसीएल, म्हणजे गुडघ्याच्या आतलं एक महत्त्वाचं लिगामेंट, तुटायची ही ओळखीची पद्धत आहे. अशा वेळी बाइंडिंग, म्हणजे बूट स्कीला धरून ठेवणारा आणि जोर आला की सोडणारा भाग, सुटेलच असं नाही, ते मुख्यतः नडगीचं हाड वाचवायला बनवलेलं असतं. म्हणून पडताय असं वाटलं तर घसरत असताना उठायची धडपड करू नका, पूर्ण थांबल्यावरच उठा. आणि मांडी जळायला लागली की त्या दिवसापुरतं बास करा, शेवटच्या एका रनचा मोह प्लीज टाळा.

आता सामान. बाइंडिंगवरच्या छोट्या खिडकीत दिसणारा डिन नंबर, म्हणजे किती जोर आल्यावर ते सुटेल याचं सेटिंग, वजन, उंची, वय, बुटाच्या सोलची लांबी आणि तुम्ही कसं स्की करता यावरून ठरतो, त्यामुळे जुना नंबर तसाच ठेवू नका. वय 50 झालं की चार्टमध्ये सेटिंग एक पायरी कमी होते. बाइंडिंगची आतली यंत्रणा नीट सुटते का हे नुसतं बघून कळत नाही, मशीनवर टेस्ट करून घ्यावं लागतं, आणि फार जुनी बाइंडिंग्ज तर बरेच टेक्निशियन सेट करून द्यायलाच नकार देतात कारण कंपनीचा सपोर्ट संपलेला असतो. बुटाचं प्लास्टिक नुसतं कपाटात पडूनही दमटपणाने कमजोर होतं आणि वरून ठणठणीत दिसणारा बूट थंडीत बकल आवळताना तडकू शकतो, तेव्हा बकलच्या आसपास आणि टाचेजवळ चिरा आहेत का ते घरीच उजेडात नीट तपासून घ्या.