‘खोल श्वास घे’ आणि ‘श्वास बघ’, दोन्ही एकच नाही

परवा विहारात वंदना झाल्यावर एक ताई म्हणाल्या, आनापान (येणारा-जाणारा श्वास नुसता बघत राहायचं बौद्ध ध्यान) म्हणजे प्राणायामच ना, आमच्या पोराच्या शाळेत योगाच्या तासाला करून घेतात की. मी लगेच हो म्हणू शकले नाही कारण हाच घोळ मी स्वतः कितीतरी दिवस घातलाय आणि त्याचा त्रास माझ्या मुलाला झालाय, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

बाहेरून बघितलं तर दोन्ही सारखंच दिसतं, मूल मांडी घालून डोळे मिटून बसलंय आणि श्वासाचं काहीतरी चाललंय. पण आत जे चालतं ते जवळजवळ उलटं आहे. प्राणायामात आपण श्वासाला काहीतरी करतो, लांबवतो, एक नाकपुडी बंद करतो, रोखतो. पतंजलींच्या योगसूत्रात व्याख्याच तशी आहे, श्वास-प्रश्वासाच्या गतीचा विच्छेद म्हणजे प्राणायाम. आनापानात श्वासाला हातच लावायचा नाही. सतिपट्ठान सुत्तात, म्हणजे सजगतेवरच्या पाली उपदेशात, बुद्ध म्हणतात की श्वास लांब असेल तर भिक्खू ‘लांब आहे’ असं जाणतो आणि आखूड असेल तर ‘आखूड आहे’ असं जाणतो. तिथलं पाली क्रियापद आहे ‘पजानाति’, म्हणजे जाणतो. आखूड असेल तर लांब कर असं तिथे म्हटलेलं नाही.

आता हे रागावलेल्या, रडणाऱ्या मुलाला लावून बघा. चिडलेल्या मुलाचा श्वास भरभर चालतो. त्याला ‘खोल श्वास घे, हळू सोड’ म्हटलं की खरंच फरक पडतो, श्वास सावकाश सोडला की हृदयाचे ठोके जरा मंदावतात, शरीर सैल पडतं. ही चांगली गोष्ट आहे, मी तिला कमी लेखत नाही. पण यात मुलाच्या डोक्यात एवढंच बसतं की राग आला की तो घालवायचा. आनापानाची सवय असलेलं मूल वेगळं काहीतरी शिकतं, की अरे माझा श्वास बदललाय म्हणजे आत काहीतरी चालू झालंय. त्याच सुत्तात पुढे चित्ताबद्दल येतं, ‘सदोस’ चित्त असेल तर ते ‘सदोस’ आहे असं जाणतो. आपण मराठी माणसं ते ‘सदोष’ वाचतो आणि वाटतं की मनात काहीतरी खोट आहे! तर तसं नाही, इथे पालीतला ‘दोस’ म्हणजे द्वेष, राग. मुलांच्या बाबतीत हा फरक मला फार महत्त्वाचा वाटतो, राग आलाय हे कळणं वेगळं आणि राग आला म्हणून मी वाईट आहे असं वाटणं वेगळं.

माझी चूक अशी झाली की पोरगा बिल्डिंगखाली क्रिकेट हरून वर आला, बॅट फेकली, की मी म्हणायचे बस आता, आनापान कर. म्हणजे मी आनापानाची शिक्षाच करून टाकली होती, आणि एक दिवस तो ओरडलाच, मला नाही करायचं तुझं आनापान. मग रागात असताना बसवणं बंद केलं आणि वेळ बदलली. रोज सकाळी शाळेच्या आधी, शांत असताना, 10 मिनिटं, मी पण शेजारी बसायचे, कुकरच्या शिट्ट्या आणि खाली टँकरचा आवाज चालू असायचाच. खूप दिवसांनी एकदा खेळून आला आणि दारातच म्हणाला, आई माझा श्वास गरम लागतोय, मला खूप राग आलाय. त्या दिवशी पण बॅट आपटलीच, पण आधी सांगितलं, आणि माझ्यासाठी ती फार मोठी गोष्ट होती.

म्हणून भडका उडालेला असताना जवळ घ्या, पाणी द्या, सावकाश श्वास सोडायला सांगा, आनापान तेव्हा सुरू करायला जाऊ नका. आणि लहान मुलांना श्वास रोखायला लावू नका. रडणं, भीती खूप दिवस चालली असेल तर समुपदेशकाकडे जा, त्यात कमीपणा नाही.

अजून एक घोळ, लोक म्हणतात मुलांना विपश्यनेला पाठवलं. विपश्यनेचे आचार्य गोएंका गुरुजी यांच्या परंपरेत लहान मुलांच्या शिबिरात फक्त आनापान शिकवतात, विपश्यना (अंगभरच्या संवेदना बघायचं पुढचं ध्यान) नाही. महाराष्ट्रातल्या शाळांमध्ये मुलांना ध्यान शिकवायचा जो ‘मित्र’ नावाचा उपक्रम आला त्यातही आनापानच आहे.

ताईंनी शेवटी विचारलं, आमचा म्हणतो काहीच जाणवत नाही, मग काय करायचं? तेव्हा मुलाला दोन-चार श्वास मुद्दाम जरा जोरात घेऊ द्यायचे, नाकपुडीपाशी हवा लागतेय का बघ म्हणायचं, आणि लागली की परत सोडून द्यायचं, श्वास आपोआप जसा येईल तसा येऊ दे. श्वासाला हात लावायचा तो एवढाच.