ग्रीस गन

ग्रीस गन हे वाहनाच्या सांध्यांमध्ये दाबाने ग्रीस भरण्याचे हातअवजार आहे. ट्रक, ट्रॅक्टर, उसाच्या ट्रॉल्या, रोटाव्हेटर आणि खोदाई यंत्रे यांच्या देखभालीत ती रोज लागते. आजच्या बहुतेक मोटारींचे सांधे आणि बेअरिंग कारखान्यातूनच सीलबंद येतात, त्यामुळे तिथे तिला फारसे काम उरलेले नाही.

ग्रीस म्हणजे बहुधा लिथियम किंवा कॅल्शियमच्या साबणात धरून ठेवलेले ऑइल. ते ऑइलसारखे आपण होऊन फटीत शिरत नाही, ढकलावे लागते. एकदा शिरले की घर्षण कमी करते आणि सांध्याच्या तोंडाशी राहून धूळ-पाणी अडवते. चिखलात चालणाऱ्या अवजारासाठी हे दुसरे काम पहिल्याइतकेच मोलाचे. वाहनांना बहुधा एनएलजीआय या ग्रीसचा घट्टपणा सांगणाऱ्या मापाचे २ क्रमांकाचे, लोण्याइतपत घट्ट ग्रीस वापरतात.

गनच्या नळकांड्यात स्प्रिंगवर बसलेला दट्ट्या असतो आणि मागून ओढायची दांडी. पुढच्या हेडमध्ये एक बारीक पिस्टन लिव्हरने मागेपुढे होतो. हेडला जोडलेल्या पाइपच्या टोकाचा कपलर सांध्यावरचे निपल, म्हणजे ग्रीस आत घेणारे छोटे तोंड, पकडतो. निपलच्या तोंडात स्प्रिंगने दाबलेली छोटी गोळी असते. ग्रीस आत जाताना ती मागे सरते, दाब थांबला की तोंड बंद करते. आज सर्रास दिसणाऱ्या या निपलचे अमेरिकी पेटंट ऑस्कर झर्क यांना १९२९ मध्ये मिळाले.

नळकांड्यातली स्प्रिंग ग्रीस फक्त हेडपर्यंत आणून देते. खरा दाब तयार होतो तो बारीक पिस्टनपुढे, आणि चांगल्या हातगनमध्ये तो १०,००० पीएसआयपर्यंत (पौंड प्रति चौरस इंच), म्हणजे सुमारे ७०० बार, जाऊ शकतो. पिस्टनपुढे हवेचा बुडबुडा आला तर लिव्हर हलकी चालते, बुडबुडा आतल्या आत दबतो-फुगतो आणि कपलरमधून काहीच येत नाही. ‘गन बिघडली’ म्हणून बाजूला टाकलेल्या कितीतरी गनमध्ये दोष एवढाच असतो. म्हणून गन नीट भरणे हे ग्रीस मारण्याइतकेच कौशल्याचे आहे.

डब्यातून भरताना हेड काढून नळकांड्याचे उघडे तोंड ग्रीसमध्ये खोल बुडवावे आणि दांडी सावकाश ओढावी. तोंड मध्येच वर आले की हवा शिरलीच. दांडी पूर्ण मागे आली की खाचेत अडकवावी, तोंड पुसून हेड बसवावे, पण शेवटचा एक आटा सैल ठेवावा. मग दांडी सोडून लिव्हर मारत राहावे. आट्यांतून हवा निघून ग्रीस दिसू लागले की हेड घट्ट करावे. काही गनना हवा सोडण्याचा वेगळा स्क्रू असतो. ४०० ग्रॅमचे तयार कार्ट्रिज घातले तरी हवा काढावी लागतेच. हाताने थापून भरण्याची पद्धत सर्वांत वाईट, कारण त्यात हवेबरोबर कचराही जातो. डब्याचे झाकण उघडे ठेवण्यानेही तेच होते.

ग्रीस मारण्याआधी निपल फडक्याने स्वच्छ पुसावे, नाहीतर त्यावरची माती थेट बुशात, म्हणजे सांध्याच्या पिनभोवतीच्या नळीत, ढकलली जाते. कपलर सरळ दाबून बसवावा आणि काढताना किंचित तिरका करावा. पिन-बुशाच्या कडेने जुने काळे ग्रीस निघून नवे दिसेपर्यंत लिव्हर मारावी. रबरी बूट (आवरण) असलेल्या सांध्यात मात्र बूट जरा फुगताच थांबावे. प्रोपेलर शाफ्टच्या (चाकांकडे फिरकी नेणाऱ्या दांड्याच्या) सांध्यातल्या अधिकचिन्हासारख्या क्रॉसला बहुधा एकच निपल असते, पण ग्रीस त्याच्या चार टोकांवरच्या चारही बेअरिंग-कपांत पोचायला हवे. तीन सीलमधून ग्रीस बाहेर आले आणि चौथे कोरडे राहिले, तर शाफ्ट थोडा फिरवून पुन्हा दाब द्यावा. कोरडा कप आधी झिजतो. किंग पिनला, म्हणजे पुढचे चाक ज्या पिनभोवती वळते तिला, ग्रीस मारताना पुढचा अॅक्सल जॅकवर उचलावा, म्हणजे वजनाने दाबलेल्या बाजूलाही ग्रीस जाते. निपल नसलेल्या चाकांच्या बेअरिंगमध्ये ग्रीस हाताने भरतात. तिथे जास्त ग्रीस कोंबले तर बेअरिंग तापते आणि ग्रीस ब्रेकच्या लायनरवर उतरू शकते.

किती दिवसांनी ग्रीस मारायचे ते वाहनाच्या पुस्तिकेत दिलेले असते, पण चिखलणीच्या दिवसांत रोजचे काम संपताच मारणे हिताचे. ग्रीस बदलताना वेगवेगळ्या साबणाची मिसळ टाळावी. काही जोड्या एकत्र आल्या की पातळ होऊन गळतात. ग्रीस जातच नसेल तर जोर लावण्याऐवजी निपल बदलावे.

दाब असताना कपलरपुढे किंवा चिरलेल्या पाइपवर बोट कधीही ठेवू नये. ग्रीस त्वचा भेदून आत शिरते. बाहेर टाचणीएवढे भोक दिसते, फारसे दुखतही नाही, पण आतल्या पेशी मरू लागतात आणि बोट गमावण्याची वेळ येऊ शकते. अशी जखम घरी धुऊन थांबू नये. लगेच शस्त्रक्रियेची सोय असलेल्या रुग्णालयात जाऊन ग्रीस शिरल्याचे स्पष्ट सांगावे.

काम झाल्यावर दांडी मागे ओढून अडकवून ठेवावी. स्प्रिंगचा दाब सतत राहिला तर ग्रीसमधले ऑइल सुटून झिरपते आणि नळकांड्यात नुसता घट्ट साबण उरतो.