शेडकार्डावर जुळे, खोलीत निराळे

कापसाचे चुकारे हाती आले, की आमच्या आर्वी तालुक्यातील गावांत रंगकाम निघते. यंदा पुतण्याच्या लग्नानिमित्त माजघरासाठी दोन बदामी छटांतून एक निवडताना घरात दोन तट पडले. ‘दोन्ही एकच, नावे तेवढी वेगळी’ असे थोरल्या बंधूंचे म्हणणे होते. शेडकार्डापुरते ते जवळजवळ खरेही होते.

कार्डावरून प्रकाश एकदाच परततो आणि डोळ्यांत शिरतो. चारही भिंती एकाच रंगाच्या असलेल्या खोलीत मात्र तो या भिंतीवरून त्या भिंतीवर जातो आणि प्रत्येक धडकेत थोडा शोषला जातो. समजा, दोन्ही छटा पिवळ्या प्रकाशाचा ८० टक्के भाग परतवतात, पण निळ्याचा पहिली ६० टक्के आणि दुसरी ६५ टक्के परतवते. तीन धडकांनंतर पिवळा दोन्हीकडे सुमारे ५१ टक्के उरतो, तर निळा पहिलीत जेमतेम २२ आणि दुसरीत २७ टक्के. येथे बेरीज नव्हे, गुणाकार चालतो. म्हणून कार्डावर निळ्यातील जो फरक पहिल्या छटेच्या तुलनेत सुमारे ८ टक्क्यांचा होता, तो येथे २७ टक्क्यांवर गेला. डोळ्यांपर्यंत एक, दोन, तीन अशा सर्व धडकांचा प्रकाश मिसळून पोहोचतो, त्यामुळे प्रत्यक्षातील फरक या दोहोंच्या मधला असतो. तरीही खोली कार्डापेक्षा पिवळी दिसते आणि पहिल्या छटेची अधिकच.

त्यात दिव्याची भर पडते. पांढऱ्या एलईडीत बहुधा ४५० नॅनोमीटरच्या आसपासचा निळा प्रकाश आणि त्यातूनच फॉस्फर नावाच्या लेपाने घडवलेला पिवळसर प्रकाश यांचे मिश्रण असते. त्यामुळे रंगद्रव्ये निराळी असली, तर उन्हात जुळणाऱ्या दोन छटा रात्री फटकून दिसू शकतात. ईशान्येच्या खोलीला अमुक रंग ‘लाभतो’ असे सांगणाऱ्यांच्या हिशेबात ना हा गुणाकार असतो, ना दिवा.

आम्ही पुठ्ठ्याची दोन सारखी खोकी आतून दोन-दोन हात देऊन रंगवली, वाळू दिली आणि एकेका बाजूला खिडकीएवढे भोक ठेवून सकाळी ओसरीत व रात्री ट्यूबखाली आत डोकावून पाहिले. पहिल्या खोक्याचे कोपरे हळद लावल्यासारखे दिसत होते. बंधूंनी दोनदा वाकून पाहिले आणि दुसऱ्या छटेचा डबा आणायला पुतण्याला पाठवले.